घशातून हृदयाकडे जाणारा दुसरा रस्ता: बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्य व जिल्हास्तरीय अधिकारी,
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र

स.न.वि.वि.

मी तालुक्याच्या गावात भूलतज्ज्ञ आहे. बावीस वर्षं झाली. पेशंटला सर्जनचं नाव जन्मभर लक्षात राहतं, आमचं डिस्चार्जपर्यंतही राहत नाही, आणि त्यात आमचं काही बिघडतही नाही. त्यामुळे आमच्यातलं कुणी असं चारचौघांत पत्र लिहायला सहसा बसत नाही. मी बसले त्याला कारण गेल्या पावसाळ्यात पाहिलेली तुमच्याच पथकाची एक तपासणी.

माझी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिचा विसरलेला डबा द्यायला गेले तर व्हरांड्यात वजनकाटा, उंचीची पट्टी, डोळ्यांचा तक्ता असा सगळा थाट मांडलेला. दोन डॉक्टर, एक सिस्टर, एक औषधनिर्माता. पोरं रांगेत एकमेकांना ढोसत उभी. दुसरीतला एक मुलगा पुढे आला. डॉक्टरबाईंनी टॉर्च लावली आणि सवयीने म्हणाल्या, "आ कर." त्याला करावाच लागला नाही. त्याचं तोंड उघडंच होतं. रांगेत उभा होता तेव्हापासून उघडं होतं. त्यांनी आत पाहिलं, टॉन्सिल मोठे आहेत अशी नोंद केली, छातीला स्टेथोस्कोप लावला, "मर्मर नाही", म्हणजे हृदयाच्या ठोक्यांत जादा आवाज नाही, असं म्हणाल्या आणि पुढचा मुलगा बोलावला.

एवढी मोठी शाळा एका दिवसात उरकायची तर याहून जास्त कोण काय करणार? बाईंची चूक काहीच नाही. मी टॉन्सिलच्या कुठल्याही मुलाच्या आईला सगळ्यात आधी जो प्रश्न विचारते तो त्यांच्या फॉर्मवर नव्हता. रात्री कसा झोपतो?

हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे. आणि त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्यासाठीही: ऑपरेशन झाल्यावर त्या मुलाच्या हृदयाकडे कोण पाहणार?

तुमचा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच पालघरमध्ये सुरू झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. मूळ यादीत ३० आजार-दोष आहेत. जन्मजात हृदयरोग आहे, ऱ्हुमॅटिक हृदयरोग आहे, डाउन सिंड्रोम आहे, फाटलेला टाळू आहे, कुपोषण आहे, शिकण्यातल्या आणि लक्ष लागण्यातल्या अडचणीही आहेत. तुमच्या पथकांनी शोधलेली, तुमच्या टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) शिबिरांतून पुढे गेलेली आणि आज धडधाकट हिंडणारी हृदयाची मुलं मी स्वतः पाहिली आहेत. म्हणून तक्रार करायला नाही, मागायला आले आहे. ज्याच्याकडून मिळण्यासारखं असतं त्याच्याकडेच माणूस मागतो.

घशातून हृदयाकडे जाणारा एक रस्ता तुम्हाला चांगला माहीत आहे. स्ट्रेप्टोकोकस जंतूने घसा धरतो, काही आठवड्यांनी ताप आणि सांधे, आणि जंतूशी लढता लढता शरीर स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर घाव घालतं. ऱ्हुमॅटिक हृदयरोग यादीत आहे तो त्यामुळेच. आमच्याकडच्या जुन्या बायकाही सांगतात, "टॉन्सिलवर लक्ष ठेव गं, हृदयावर जातं."

दुसऱ्या रस्त्यावर ना जंतू असतो, ना ताप, ना बहुतेक वेळा मर्मर. तिथून जातो तो श्वास, किंवा खरं तर जायचा अडतो. टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडेनॉइड साधारण २ ते ८ वर्षांच्या वयात श्वासमार्गाच्या मानाने सगळ्यात मोठे असतात. जागेपणी घशाचे स्नायू वाट उघडी धरतात. झोपेत ते सैलावतात आणि वाट मिटते. वैद्यकीय नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया; मी इथे झोपेतला श्वासरोध म्हणते.

एक मुलगा सांगते. खरं नाव नको, गोट्या म्हणू.

गोट्या पाच वर्षांचा, वजन १३ किलो. म्हणजे तीन वर्षांच्या पोराचं. अंगणवाडीच्या कमी वजनाच्या यादीत तो होताच, जादा आहारही चालू होता. वरचेवर सर्दी-खोकला, म्हणून टॉन्सिल काढायचे ठरले. शनिवारी सकाळी सातची केस. ॲडमिट केलेल्या लहान मुलाला मी आदल्या रात्री जाऊन पाहून येते. ही सवय मला कशी लागली ते पुढे येईल. साडेदहाला गेले तर तो झोपलेला. मान मागे टाकलेली, हनुवटी छताकडे, कपाळ घामाने डबडबलेलं, आणि वरचा पंखा पाचावर. घोरण्याचा आवाज बाहेर जिन्यापर्यंत येत होता. आई कौतुकाने म्हणाली, "अगदी आजोबांवर गेलाय. आम्ही तर मोबाइलवर रेकॉर्ड करून पाहुण्यांना ऐकवतो."

मी खाटेशी उभी राहिले. घोरणं चढत गेलं आणि पट्कन थांबलं. खोली शांत. पण छाती थांबली नव्हती. ती आत ओढली जात होती, बरगड्यांमधली कातडी आत, गळ्याखालचा खळगा आत, पोट मात्र वर. श्वास घ्यायची सगळी खटपट चालू, हवा शून्य. मी मनात मोजलं, बारा. मग एक मोठा हुंदका, अंग झाडल्यासारखं, आणि पुन्हा घोरणं. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा ९४ वरून घसरत ७८ वर आला होता. आई म्हणाली, "हे होय? हे तर रोजचंच."

शहाळ्याचं पाणी पिताना नळी चिमटीत धरा आणि जोर लावून ओढून पाहा. गाल आत जातात, डोक्याला ताण येतो, पाणी येत नाही. गोट्याची छाती रात्रभर तेच करत होती. त्याला जेवण लागत नव्हतं यात नवल काय? खाल्लेल्यातलं काही रात्री श्वास ओढण्यातच जळत होतं.

आता हृदयाचं. फुप्फुसाच्या एखाद्या भागात प्राणवायू कमी पडला की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. एरवी ही हुशारी आहे. न्यूमोनिया झालेल्या कोपऱ्याकडे रक्त पाठवून उपयोग काय? पण अख्ख्या फुप्फुसातच प्राणवायू उतरला तर सगळ्याच वाहिन्या एकदम आकसतात, आणि त्यांतून रक्त ढकलणारा हृदयाचा उजवा कप्पा, जो मुळात पातळ भिंतीचा आणि हलक्या कामाचा, त्याच्यावर डाव्या कप्प्याचं काम येऊन पडतं. महिनोन्महिने. तो जाड होतो, मग फुगतो, मग दमतो. तिकडे प्रत्येक गुदमरण्याच्या शेवटी मेंदू दचकतो, नाडी उसळते, रक्तदाब उसळतो. तासाला दहापेक्षा जास्त अडथळे म्हणजे मुलांमध्ये तीव्र आजार धरतात. नऊ तासांच्या झोपेत नव्वद दचके झाले. रात्री रक्तदाबाने दहा टक्के तरी खाली यावं असा शरीराचा नियम. या मुलांत तो विश्रांतीचा उतार बरेचदा सापडतच नाही.

गोट्याची केस मी थांबवली. सर्जन थोडे नाराज झाले, "फिजिशियनचं फिटनेस तर आहे." होतंच. दुपारी, जागेपणी, हसत्या मुलाचं घेतलेलं फिटनेस. जिल्ह्याच्या ठिकाणी टूडी इको झाला. फुप्फुसाच्या बाजूचा दाब २५ च्या आसपास असायचा तो ५५ निघाला, उजवा कप्पा मोठा. लहान मुलांचा अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात त्याला पाठवलं. तिथे आधी काही रात्री मास्कने दाबाची हवा दिली, मग ऑपरेशन, मग दोन रात्री मॉनिटरवर. तीन महिन्यांनी मी आग्रहाने पुन्हा इको करवला. दाब नॉर्मल. वजन अडीच किलो वाढलेलं. आईची तक्रार होती की हा आता घरभर पळतो.

यात शोध माझा काहीच नाही. अमेरिकेत केंटकीच्या बालहृदयरोगतज्ज्ञ जॅकलिन नूनन यांनी १९६५ मध्ये अशाच दोन मुलांची हकिगत छापली होती: वाढलेले टॉन्सिल-ॲडेनॉइड, त्यांनी थकलेलं उजवं हृदय, आणि ऑपरेशननंतर पूर्ववत झालेलं तेच हृदय. म्हणजे साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. झोपेतल्या श्वासरोधाला आजचं नाव रूढ व्हायच्याही आधीची. घसा मोकळा केल्यावर फुगलेलं हृदय आपलं आपण आवरतं, असे प्रसंग वैद्यकात थोडे असतात. मला अजूनही त्या तीन महिन्यांनंतरच्या इकोचा कागद पाहून गंमत वाटते.

आता माझी चूक. ती सांगितल्याशिवाय पुढचं मागायचा मला हक्क नाही.

माझी प्रॅक्टिस नवी होती. चार वर्षांचा मुलगा, टॉन्सिल आणि ॲडेनॉइड, ऑपरेशन सुरेख झालं. दुखू नये म्हणून मी वजनाच्या हिशेबाने, पुस्तकातल्या मात्रेत, अफूवर्गातलं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी पोरगं आइस्क्रीम खात होतं. रात्री साध्या खोलीत ठेवलं, मॉनिटर नव्हता. तेव्हा तो कुणी लावत नसे. रात्री दोनच्या सुमाराला आईला जाग आली. मुलगा घोरत नव्हता. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. "ऑपरेशनचा गुण आला" म्हणून तिने देवाला हात जोडले आणि कूस वळवली. वीस मिनिटांनी सिस्टर फेरीवर आली, तिने टॉर्च त्याच्या ओठांवर धरली, आणि ती ओरडली.

तो वाचला. सिस्टरने पिशवी आणि मास्कने श्वास दिला, मी घरून गाऊनवर धावत आले, सकाळपर्यंत त्याच्याजवळ बसले. पण ती शांतता काय होती ते मला नंतर वाचून कळलं. वर्षभर रात्री प्राणवायू उतरायची सवय झालेल्या मुलाचं शरीर या औषधांना फार हळवं होतं. कॅनडातल्या माँट्रियलच्या भूलतज्ज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की अशा मुलांना नेहमीच्या निम्म्या मात्रेतही तेवढाच परिणाम मिळतो. त्यात ऑपरेशनची सूज पहिल्या रात्री वाट उलट अरुंद करते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन हे अफूवर्गातलंच औषध देण्यावर २०१३ मध्ये सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, आणि २०१७ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना याच कामासाठी त्याच वर्गातलं ट्रॅमाडॉल देऊ नये असंही सांगितलं. आपल्याकडे ट्रॅमाडॉल अजून सर्रास लिहिलं जातं.

तेव्हापासून मी आदल्या रात्री जाऊन मूल झोपेत पाहते.

म्हणून पहिली मागणी. घोरणाऱ्या मुलाला तुमच्या पथकाने कान-नाक-घशाकडे पाठवावं ते नुसतं "टॉन्सिल मोठे" म्हणून नव्हे. चिठ्ठीवर रात्रीची हकिगत लिहिलेली असावी. टॉन्सिलच्या आकाराला फारसा अर्थ नसतो. मोठे टॉन्सिल असून शांत झोपणारी पोरं असतात आणि बेताच्या टॉन्सिलवर गुदमरणारीही. खरी खबर आईकडे असते. ती पथकाच्या वेळेला शाळेत नसते हे मला कळतं. पण पालकांकडून भरून घेतलेला एक कागद आदल्या दिवशी मागवता येतो, आणि अंगणवाडीत तर आई बरेचदा उभीच असते.

भीती अशी वाटेल की असं विचारलं तर निम्मी शाळा ऑपरेशनच्या रांगेत लागेल. नाही लागणार. नियमित घोरणारी मुलं शंभरात दहाच्या आसपास, आणि खरा श्वासरोध असलेली एक ते पाच. त्यांतही सगळ्यांना चाकू लागतो असं नाही. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, २०१३ मध्ये निकाल आला, लगेच ऑपरेशन केलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांत नॉर्मल झाली; नुसती वाट पाहिलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांची झाली. सौम्य त्रासाच्या मुलाला थांबता येतं, नाकातले फवारे देऊन पाहता येतात. मला काळजी सौम्यांची नाही. यादीत "कमी वजन" म्हणून, "अभ्यासात लक्ष नाही" म्हणून किंवा "अजून अंथरूण ओलं करतो" म्हणून वेगवेगळ्या रकान्यांत विखुरलेल्या तीव्र मुलांची आहे. तीन रकाने, तीन चिठ्ठ्या, तीन खिडक्या. मूल एकच, आणि मुळाशी तोच श्वासरोध.

आणि डाउन सिंड्रोमची मुलं तर तुमच्याकडे नावानिशी आहेत. त्यांच्यातल्या साधारण निम्म्यांना जन्मजात हृदयदोष असतो आणि निम्म्याहून जास्त जणांना झोपेतला श्वासरोध. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की अशा प्रत्येक मुलाची चार वर्षांच्या आत झोपेची तपासणी व्हावी, घोरो वा न घोरो. आपण त्यांचं हृदय पाहतो, हे चांगलंच. पण ज्या हृदयाचं भोक मोठ्या कष्टाने बुजवलं त्याच हृदयावर रात्री नव्वद वेळा ताण येतोय का, हे कुणी पाहत नाही.

झोपेची पूर्ण तपासणी तालुक्यात होत नाही, मला माहीत आहे. मुंबई-पुण्याला रात्रभर तारा लावून मूल झोपवायचं, तेही इतकं महाग, कोण नेणार? पण पर्याय हाताशी आहे. रात्रभराची नोंद साठवणारा ऑक्सिमीटर. माँट्रियलमधल्याच बालरुग्णालयाने अशा घरगुती नोंदींवर मुलांची प्रतवारी करायची साधी पद्धत २००४ मध्ये बसवून दिली: घसरणींचे झुबके किती, आकडा ९० खाली गेला, ८५ खाली गेला की ८० खाली. नोंद वाईट आली तर आजार आहे हे जवळपास नक्की. नोंद चांगली आली म्हणजे मात्र आजार नाही असं म्हणता येत नाही, एवढं लक्षात ठेवायचं. कोविडमध्ये घराघरात पोचलेले बोटाचे चिमटे या कामाचे नाहीत. ते नोंद ठेवत नाहीत, आणि पाच वर्षांच्या मुलाच्या बोटावरून रात्री दहा वेळा निसटतात. चिकटपट्टीचा लहान मुलांचा प्रोब लागतो. प्रत्येक जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अशी दोन यंत्रं असली तरी गोट्यासारखी मुलं आमच्या टेबलावर येण्याआधीच सापडतील, आणि कुणाला आमच्याकडे ठेवायचं, कुणाला थेट अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी पाठवायचं हे शनिवारी सकाळी सात वाजता ठरवायची वेळ येणार नाही. तीन वर्षांच्या आतलं मूल, वजन न वाढणारं, फार लठ्ठ, जबडा किंवा टाळूचा दोष असलेलं, डाउनचं, स्नायू दुबळे असलेलं, हृदयावर ताण दिसणारं: ही मुलं ऑपरेशनच्या रात्री मॉनिटरवरच हवीत. सगळ्यांचा टूडी इको करा असं मी म्हणत नाही. त्याची गरज नाही, आणि दीड-दोन हजार रुपये कुणाच्या खिशातून जातात ते मी पाहते.

आता दुसरी मागणी, आणि हीच मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण पहिल्याबद्दल निदान कुणीतरी बोलतं.

टॉन्सिलचं डिस्चार्ज कार्ड कधी वाचलंय? सात दिवस मऊ-गार खाणं, तिखट नको, रक्त आलं तर लगेच या, आठ दिवसांनी दाखवा. आठव्या दिवशी सर्जन घशात टॉर्च मारतात, पांढरा पापुद्रा सुटलाय, छान. संपलं. घसा बरा झाला. ज्या कारणासाठी घसा कापला ते बरं झालं का, हे विचारायला कुणी उरत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे तेरा वर्षांची मुलगी अपेंडिक्सच्या ऑपरेशनला आली. अंगाने भरलेली. रक्तदाब १४२/९०. घाबरली असेल म्हटलं, थांबले, आईला जवळ बसवलं, पट्टा बदलून तीनदा पाहिला. तोच. घोरते का विचारलं तर आई म्हणाली, "छे, तिचे टॉन्सिल काढलेत ना दुसऱ्या गावी, अकराव्या वर्षी. वर्षभर छान झोपली, मग पुन्हा सुरू झालं, पण आता टॉन्सिलच नाहीत म्हटल्यावर..." त्या माउलीचा तर्क चुकीचा नव्हता, तिला कुणी दुसरं काही सांगितलंच नव्हतं. जुनी फाइल आणली होती. ऑपरेशनच्या आधीच्या कागदावर बी.पी. पुढे आडवी रेघ. नंतरच्या कागदावर तेही नाही. मधल्या भुलेच्या पानावर पाच-पाच मिनिटांचे आकडे व्यवस्थित, पण भुलेतल्या रक्तदाबावरून जागेपणीचा कुणी सांगू शकत नाही. त्या पानावर सही माझी नव्हती, पण माझी असती तरी ते पान तसंच असतं.

ऑपरेशनने बहुतेक मुलं सुधारतात, पण पूर्ण बरी सगळी होत नाहीत. २०१० मध्ये छापलेल्या, अनेक केंद्रांतल्या ५७८ मुलांच्या अभ्यासात जवळजवळ सगळ्यांचा त्रास कमी झाला, मात्र सगळ्यात कडक मोजमापाने पूर्ण नॉर्मल झोप साधारण २७ टक्क्यांनाच मिळाली. मागे राहिलेल्यांत लठ्ठ मुलं, सात वर्षांवरची, दम्याची आणि आधीच तीव्र आजाराची. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये मुलांच्या श्वासरोधावर आणि हृदयावर स्वतंत्र निवेदन काढलं, त्यात लठ्ठ किशोरवयीनांतलं प्रमाण ३० ते ६० टक्के सांगितलं आहे. आपल्या शाळांच्या रांगांतही आता दोन्ही टोकं दिसतात: गोट्यासारखी काडी, आणि या मुलीसारखी. पहिल्याचं उजवं हृदय दमतं, आणि ऑपरेशनने ते बहुधा सावरतं. दुसरीचा रक्तदाब चढतो, त्याला आवाज नाही, आणि तो ऑपरेशनने उतरेलच याची खात्री नाही.

उतरतो का? इथे मला तोलून बोललं पाहिजे. वर सांगितलेल्या २०१३ च्या चाचणीतल्या मुलांचे रक्तदाब आणि रक्ताच्या तपासण्या नंतर वेगळ्या पाहिल्या, तेव्हा सात महिन्यांत दोन गटांत फारसा फरक दिसला नाही. बहुतेकांचे आकडे मुळातच ठीक होते. मग डिसेंबर २०२३ मध्ये सौम्य त्रासाच्या ४५९ मुलांची वर्षभराची चाचणी छापून आली. त्यात लक्ष आणि कामातली शिस्त फारशी बदलली नाही, पण झोप, वागणूक आणि वरचा रक्तदाब ऑपरेशन झालेल्यांत सुधारला. म्हणजे फायदा आहे, मोठा नाही, आणि प्रत्येकाला नाही. याचा अर्थ मी एवढाच घेते की ज्याला फायदा झाला नाही ते मूल शोधायचं काम ऑपरेशननंतर सुरू होतं. आज ते काम कुणाच्याच नावावर नाही. सर्जन म्हणतात बालरोगतज्ज्ञ पाहतील, बालरोगतज्ज्ञाकडे मूल ताप आला तरच जातं, आणि हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवायचं तर आधी कुणाला तरी शंका यायला हवी.

वर्षातून एकदा न चुकता त्याच मुलापाशी परत जाणारं या राज्यात फक्त एक पथक आहे. तुमचं. म्हणून हे पत्र आमच्या संघटनेला न लिहिता तुम्हाला लिहिलं.

ऑपरेशन झालेल्या मुलाच्या नावापुढे एक खूण असावी. तीन महिन्यांनी वजन, उंची, रक्तदाब आणि घोरण्याचा तोच प्रश्न. पुन्हा घोरत असेल किंवा आधी तीव्र असेल तर पुन्हा ऑक्सिमीटरची रात्र. आधी इकोत दोष असेल तर पुन्हा इको. पुढे दरवर्षी शाळेत रक्तदाब. आणि कृपा करून पथकाच्या पेटीत मुलांचे पट्टे द्या. रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के, लांबी ८० ते १०० टक्के. मोठ्यांचा पट्टा लहान दंडाला गुंडाळला की रक्तदाब आहे त्याहून कमी दिसतो, आणि लठ्ठ मुलाला लहान पट्टा लावला की जास्त. पट्टा नाही म्हणून आडवी रेघ मारायची, हे मी इतक्या केसपेपरवर पाहिलंय की ती रेघ म्हणजेच मुलांचा रक्तदाब असा आमच्याकडे समज असावा. तेरा वर्षांखालच्या मुलाचा आकडा वय-उंचीच्या तक्त्याशी ताडावा लागतो, तो तक्ता लॅमिनेट करून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवता येईल. आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये मी तसाच चिकटवलाय. सिस्टरनी आधी नाकं मुरडली, आता त्याच नव्या मुलींना शिकवतात.

त्या तेरा वर्षांच्या मुलीचं पुढे काय झालं ते विचाराल. अपेंडिक्स निघालं. रक्तदाबासाठी ती मुंबईला जाते, रात्री मास्क लावून झोपते, वजन थोडं उतरलंय. मास्क तिला आवडत नाही. मैत्रिणींना सांगितलेलं नाही.

फॉर्मवर जागा नसते हे मला माहीत आहे, म्हणून मजकूर मोजून लिहिलाय. घसा तपासणीच्या ओळीखाली बसेल:

"मूल आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरते का? झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटतो का? (शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला विचारावे.) टॉन्सिल/ॲडेनॉइड ऑपरेशन झाले आहे का, कधी? आजचा रक्तदाब: ____"

कळावे,

आपली,
तालुक्याच्या गावातली एक भूलतज्ज्ञ

ता.क. बहिणीच्या शाळेतल्या त्या उघड्या तोंडाच्या मुलाच्या आईला मी नंतर गाठलं. ती म्हणाली, "बसूनच झोपतो तो, भिंतीला टेकून. आडवा झाला की घाबरा होतो." पुढच्या मंगळवारी त्याचा इको आहे.